एकाच पोत्यातल्या बायोचारचं रीडिंग दर वेळी वेगळं येतंय? मीटर बदलायच्या आधी हे बघा

आमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी मला हाच प्रॉब्लेम आलटून पालटून विचारलाय, आणि त्याआधी तो मला स्वतःला तीनदा झालाय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. आम्ही कुडाळकडे आंब्याच्या छाटणीचा, नारळाच्या सोडणांचा (वरच्या सालींचा) आणि भाताच्या तुसाचा बायोचार करतो, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला, जमिनीत घालायचा कोळसा. करणं सोपंय हो, मोजणं अवघड. शेजारची काकी तर मला वजनकाटा घेऊन खळ्यात बसलेला बघून विचारते, "कोळशाक ताप इलो काय रे, रोज काय ता मोजतंस?" तिचं चूक नाही, पण न मोजता जमिनीत घातला की काय होतं तेही मी बघितलंय.

लक्षणं अशी असतात, तुमचं कुठलं ते बघा:

- सोमवारी पीएच ८.४ आला, गुरुवारी त्याच पोत्यातल्या बायोचारचा ९.६.
- एक बादली भरून वजन केलं तर कधी सव्वादोन किलो, कधी पावणेतीन.
- घरी ओलावा ४० टक्के निघाला आणि लॅबच्या कागदावर ६६. दोघंही म्हणतात आमचंच बरोबर.
- ईसीचं (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते सांगणाऱ्या विद्युतवाहकतेचं) पेन मित्राकडे ६०० दाखवतं, तुमच्याकडे १२००, पाणी तेच बायोचार तोच.
- पाण्यात टाकला तर तीन दिवस तरंगतोय, त्यामुळे पाणी किती धरतो ते मोजायला गेलं तर आकडा हसण्यासारखा येतो.
- कोळसाच तो, कर्बच कर्ब, तरी मातीच्या लॅबमधून रिपोर्ट आला तर सेंद्रिय कर्ब अगदीच कमी.
- आकडे सगळे छान आणि तरव्यात (रोपांच्या वाफ्यात) टाकल्यावर रोपांचे शेंडे करपले.

पुढचा क्रम मुद्दाम फुकटापासून खर्चाकडे लावलाय. मधली पायरी गाळू नका, कारण आधीच्या पायरीतली चूक पुढच्या सगळ्या आकड्यांत शिरते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं काम ओलाव्याच्या पायरीपर्यंतच होऊन जातं आणि नवीन पीएच पेनचे पैसे वाचतात.

पोत्यात नक्की काय आहे?

हसू नका. मांगरात (शेतातल्या खोपीत) माझी दोन पोती शेजारी होती, एक आंब्याच्या छाटणीचं आणि एक तुसाचं, आणि जागा पाहिजे म्हणून वडिलांनी दोन्ही एकत्र केली. विचारलं तर, "दोनय काळेच मा, येगळा काय तेच्यात?" वेगळं खूप आहे. तुसातच मुळात १५ ते २० टक्के राख असते, बहुतेक सिलिका, आणि जळताना बाकीचा भाग उडून गेला की बायोचारमध्ये राखेचं प्रमाण अजून चढतं. लाकडात ती मुळातच एखाद-दोन टक्क्यांच्या आसपास. दोन्हींची भेसळ झाली की तुम्ही मूठ कुठून घेता त्यावर आकडा ठरणार, मग मीटर काय करणार बिचारा.

तर पोत्यावर जाड मार्करने लिहायचं, कशाचा, कुठल्या तारखेचा, आणि कशाने विझवला. हे तिसरं लोक विसरतात. विहिरीच्या पाण्याने विझवला, मातीने झाकून विझवला, की खाडीजवळच्या मचूळ विहिरीच्या पाण्याने, ह्यात ईसीचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सॅम्पल कुठून घेतलं?

पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर काढली असेल तर इथेच थांबा, कारण तुमचा घोळ बहुतेक इथेच आहे. पोतं टेम्पोतून घाटरस्त्याने हादरत आलं की बारीक भुगा तळाला जातो आणि जाड तुकडे वर राहतात, आणि राख असते ती भुग्याबरोबर खाली. वरच्या मुठीचा पीएच कमी, तळाच्या मुठीचा जास्त, आणि आपण म्हणतो पेन बिघडलं.

खळ्यात ताडपत्री अंथरा, अख्खं पोतं ओता, फावड्याने दोन-तीनदा उलटंपालटं करा आणि मधोमध ढीग घाला. ढीग वरून दाबून चपटा करायचा आणि भाकरीचे चतकोर करतो तसे त्याचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन चतकोर ठेवायचे, दोन परत पोत्यात. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चतकोर, किलोभर राहीपर्यंत. अर्धा तास जातो, फुकट आहे, आणि ह्याला दुसरा शॉर्टकट मला तरी सापडला नाही. तोंडाला मास्क लावा, हा भुगा फुफ्फुसात जाऊ देऊ नका. एरवी मी धूळ बसवायला पाणी शिंपडा म्हणालो असतो पण इथे पाणी शिंपडलं की ओलावा मोजायचं बोंबललं, म्हणून वारा नसेल तेव्हा सकाळी लवकर करा.

डोळे, नाक आणि साबण

पाच-सहा तुकडे मोडून बघा. आत तपकिरी रेघ दिसली तर ते अर्धवट जळलेलं लाकूड आहे, बायोचार नव्हे. पांढरी-करडी पूड बरीच दिसली तर तुमच्या खड्ड्यात हवा जास्त झाली आणि राख पडली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राब भाजतात (शेतात पालापाचोळा पसरून जाळतात) त्यामुळे कोणीतरी हमखास म्हणतं हे तर आम्ही करतोच. नाही करत. भाजावळीत उरते ती मुख्यतः राख, पहिल्या दोन-चार सरींत तिच्यातला पोटॅश विरघळून कामाला लागतो किंवा वाहून जातो. बायोचारमधला कर्ब त्याच जागी वर्षानुवर्षं राहतो, म्हणून तर त्याची मापं घ्यायची एवढी यातायात.

वास घ्या. चांगल्या बायोचारला वास जवळजवळ नसतो, डांबरासारखा किंवा धुराचा उग्र वास आला तर आत टार (लाकडाचं चिकट डांबर) राहिलंय. आणि मग साबणाची टेस्ट: एक तुकडा बोटांत चुरगळा आणि नुसत्या पाण्याने हात धुवा. काळं सहज निघून गेलं तर ठीक, तेलकट राहून साबण घ्यावा लागला तर टार. हे काही प्रमाणित शास्त्र नाही पण मला तरी हिने क्वचितच फसवलंय. फक्त काजूच्या टरफलाचा असेल तर ही टेस्ट उघड्या हाताने करू नका. टरफलातलं तेल अर्धवट राहिलं असेल तर कातडी भाजते, काजूच्या फॅक्टरीत काम केलेल्या कुठल्याही बाईचे हात बघा.

टार एवढं का बघायचं, तर ते कणाच्या पृष्ठभागावर मेणासारखं बसतं, पाणी आत शिरू देत नाही, आणि पुढच्या सगळ्या मापांत कर्ब म्हणून मोजलं जातं. टारवाला लॉट मोजत बसू नका. पुन्हा भट्टीत घाला, जास्त तापवा, मग या.

ओलावा: इथे वेळ घालवा

कोकणात बायोचार मोजणं म्हणजे निम्मं काम पाणी मोजणं. विझवताना पाणी मारतो, पोतं पडवीत ठेवतो, जून ते सप्टेंबर हवाच ओली, आणि हा पदार्थ सच्छिद्र, हवेतली वाफसुद्धा ओढून घेतो. एकदा जुलैत मी वाळवलेला १०० ग्रॅम बायोचार पडवीत उघड्या ताटलीत रात्रभर विसरलो, सकाळी १०७ ग्रॅम. कोणी पाणी घातलं नव्हतं.

लागतं काय, तर वजनकाटा आणि ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन). काटा आधी तपासा, किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं वजन पाच मिनिटं मागून आणा आणि ठेवून बघा. वजन करताना पंखा बंद. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा चालतो पण मग सॅम्पल मोठं घ्या, कारण २० ग्रॅमच्या सॅम्पलमध्ये १ ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे ५ टक्के गेलेच.

मी ५०० ग्रॅम घेतो, पसरट ट्रेमध्ये बोटभर जाडीचा थर, १०५ अंशावर. ओटीजीच्या खटक्यावर विश्वास ठेवू नका, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा, ११० च्या वर जाऊ देऊ नका आणि सोडून बाजारात जाऊ नका. ओटीजी पडवीत लावा, स्वयंपाकघरात नको, आणि काजूच्या टरफलाचा बायोचार जेवणाच्या ओव्हनमध्ये अजिबात नको. दर तासाला वजन लिहायचं. मागच्या आठवड्यातलं माझ्या वहीतलं देतो: ५००, ३८८, ३३१, ३०६, ३०१, ३००, ३००. सलग दोन वजनं सारखी आली की वाळला. ३०१ ला "झालं की" म्हणून थांबायचा मोह होतो, थांबू नका.

आता दोन गोष्टी ज्या सगळे चुकतात. एक, गरमागरम ट्रे काट्यावर ठेवू नका, तापलेल्या वस्तूभोवतीची हवा वर चढत असते त्यामुळे वजन हलकं भासतं, आकडा डुगडुगतो, आणि स्वस्त काट्याचा सेन्सर तापला की तो काहीही बोलतो. दोन, म्हणून उघड्यावर गार करायला ठेवाल तर तो परत हवेतलं पाणी पिणार. मधला मार्ग म्हणजे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, डब्याचं रिकामं वजन आधी करून ठेवलेलं, गरम असतानाच आत ओतायचा, झाकण लावायचं, गार झाला की डब्यासकट वजन. आधी उन्हात वाळवणार असाल तर उन्हात टाकायच्या आधी वजन करा, नाहीतर उन्हाने नेलेलं पाणी हिशोबातच येत नाही.

आणि आता तो ४० विरुद्ध ६६ चा झगडा. ५०० ग्रॅम ओला, ३०० ग्रॅम सुका, पाणी २०० ग्रॅम. २०० भागिले ५०० केलं तर ४० टक्के. २०० भागिले ३०० केलं तर ६६.७ टक्के. दोन्ही बरोबर! पहिला ओल्या वजनावर, दुसरा सुक्या वजनावर, आणि रिपोर्टात कुठला ते लिहिलेलं असतंच असं नाही. ह्यावरून एका शेतकऱ्याचं आणि विकणाऱ्याचं माझ्यासमोर कडाक्याचं भांडण झालंय, दोघेही एकच आकडा दोन भाषांत बोलत होते.

हे शेतात कुठे लागतं ते बघा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. चौरस मीटरला अर्धा किलो सुका बायोचार घालायचा ठरवला तर गुंठ्याला ५० किलो. तुमचा बायोचार ४० टक्के ओला असेल तर ५० किलो तोलून टाकल्यावर प्रत्यक्षात पडला ३० किलोच, पाहिजे होते ८३ किलो. पीएचला पण तेच, पुढे सांगतो. ओलावा माहीत नसेल तर बाकीचा कुठलाही आकडा मी तरी खरा धरत नाही.

बादली कशी भरली?

आपल्याकडे पायलीने भात मोजायचे तेव्हा देणारा सपाट माप द्यायचा आणि घेणारा शिगोशीग मागायचा. बायोचारची घनता काढताना नेमकं हेच भांडण आपण स्वतःशी करतो. परवा एकाच चाळणीतून काढलेला माल मी १० लिटरच्या बादलीत हलकेच ओतला आणि फळीने सपाट केला, २.२ किलो. तीच बादली जांभ्याच्या चिऱ्यावर वीस वेळा आपटून, खचला तेवढा परत भरून सपाट केली, २.७ किलो. माल तोच, बादली तीच. १० लिटर धरले तर पहिली आली ०.२२ किलो लिटरला, दुसरी ०.२७.

कुठली खरी? दोन्ही, फक्त एक ठरवा आणि वहीत लिहा. मी आपटलेली घेतो कारण ती परत परत तशीच येते. चाळणही तीच पाहिजे, भुगा जास्त झाला की तो मोठ्या तुकड्यांच्या मधल्या फटीत बसतो आणि बादली जड होते. बादलीवर लिहिलेल्या १० लिटरवर जाऊ नका, पाणी भरून तोला, माझी काठोकाठ ११.४ लिटरची निघाली, म्हणजे वरच्या घनता खऱ्या ०.१९ आणि ०.२४. आणि ओलावा वजा केल्याशिवाय घनता सांगू नका, पण हे आता पुन्हा सांगायला नको.

कोणी तुम्हाला बायोचारची घनता १.५ च्या वर सांगितली तर तो खोटं बोलतोय असं नाही, तो नुसत्या घन भागाची, छिद्रं वगळून काढलेली घनता सांगतोय. ती हेलियम वापरणाऱ्या यंत्रावर काढतात, शेताला तिचा फारसा उपयोग नाही.

पाणी आणि पेन

आता कुठे पीएच. पेनच्या आधी पाणी तपासा. विहिरीचं नको, फिल्टरचं पण नको, डिस्टिल्ड वॉटर घ्या. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरी वॉटर चालतं पण प्रत्येक नव्या कॅनमध्ये आधी ईसी पेन बुडवा, दहा मायक्रोसीमेन्सच्या (ईसीचं एकक) खाली असेल तरच वापरा. त्याच डिस्टिल्ड वॉटरचा पीएच बघून घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो साडेपाचच्या आसपास दाखवतो, ते नॉर्मल आहे.

प्रमाण एकास वीस. १० ग्रॅम सुका बायोचार, २०० मिली पाणी. ओलावा आला बघा परत: ४० टक्के ओला बायोचार १० ग्रॅम घेतला तर त्यात सुका ६ ग्रॅमच, म्हणजे प्रमाण झालं १:३४, आणि ईसी तर सरळ पडणारच. बरणीत घालून दीड तास, मी दर दहा मिनिटांनी हलवतो, लॅबमध्ये शेकरवर ठेवतात. दीड तास म्हणजे दीड तास, कारण राखेतले क्षार हळूहळू सुटतात आणि पाच मिनिटांनी घेतलेलं रीडिंग आणि रात्रभर ठेवून घेतलेलं वेगळंच येणार. माझं ते ८.४ आणि ९.६ पैकी निम्मं कारण हेच निघालं, सोमवारी घाईत होतो. बाकी निम्मं, पोत्याच्या तळातली मूठ.

काही लॅब पाण्याऐवजी सौम्य कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात १:५ ने मोजतात, तिथे आकडा सहसा थोडा खाली येतो. तुलना करताना पद्धत विचारा.

पेन कॅलिब्रेट करताना लोक ४ आणि ७ च्या बफरने (पीएच ठरलेल्या द्रावणाने) करतात कारण पाकिटात तेच येतात. आपला माल ८ ते १० मध्ये, मग ७ आणि ९.१८ ने करा ना. अल्कली बफर उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली उतरतो, एकदा वापरलेला परत बाटलीत ओतायचा नाही. पेनचं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचं नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचं. हे सगळं करून पण रीडिंग सरकत असेल तर मग हो, नवीन पेन घ्या.

ईसीचं ६०० आणि १२०० आठवतंय? एकाचं पेन टीडीएसवर म्हणजे पीपीएमवर होतं आणि दुसऱ्याचं मायक्रोसीमेन्सवर. बऱ्याच पेनांत पीपीएम म्हणजे मायक्रोसीमेन्सच्या निम्मे. एक बटण दाबायचा प्रश्न होता, त्यासाठी दोघांनी आठवडाभर एकमेकांच्या बायोचारला नावं ठेवली.

मीठ खरंच आहे का?

पेन, पाणी, प्रमाण सगळं बरोबर आणि तरी ईसी जास्त, तर मग मीठ आहे. सोडणांच्या बायोचारला हे नेहमीचं. सोडणात मुळातच पोटॅश आणि क्लोराइड भरपूर, त्यात काथ्यासाठी ती खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतील तर समुद्राचं मीठ वरून. ईसी फक्त मीठ आहे एवढंच सांगतं, कुठलं ते नाही. पोटॅश असेल तर माडाला मेवा, सोडियम असेल तर पीडा, आणि ते वेगळं करायला लॅबचा फ्लेम फोटोमीटर लागतो.

घरी एवढं करा: १:२० चं पाणी गाळून ईसी लिहा, त्याच बायोचारवर परत नवं २० पट पाणी, परत ईसी, तिसऱ्यांदा परत. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात ईसी धाडकन खाली आली तर विरघळणारं मीठ होतं, निघून गेलं. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात ताडपत्री काढून ठेवली की धुणं फुकट. फक्त ते पाणी विहिरीकडे किंवा तरव्याकडे उतरणार नाही हे बघा. सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) जांभ्याच्या आंबट जमिनीत अल्कली बायोचार सहसा बाधत नाही, उलट बरा. पण खाडीलगतच्या खार जमिनीत जास्त ईसीचा माल घालणं म्हणजे आगीत तेल.

तरंगतोय

वाळलेल्या बायोचारवर पाण्याचा एक थेंब ठेवा. पाच सेकंदांत आत गेला तर पाण्याशी वैर नाही, तो तरंगतोय ते छिद्रांतल्या हवेमुळे. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर टार, वर साबणाच्या पायरीला परत जा. खात्री करायची तर बाहेर चुलीवर पाण्यात पंधरा मिनिटं उकळवा, हवा असेल तर बुडबुडे येऊन बहुतेक खाली बसतो, टार असेल तर पाण्यावर तवंग दिसतो.

पाणी धरायची क्षमता मोजायची ती ह्या उकळण्यानंतरच. १०० ग्रॅम सुका, जुन्या धोतराच्या कापडात पुरचुंडी, उकळून त्याच पाण्यात एक दिवस, मग टांगून ठिबकणं थांबेपर्यंत, मग वजन, त्यातून ओल्या कापडाचं वजन वजा. ह्यात दोन दाण्यांच्या मधलं पाणीही मोजलं जातं, म्हणून आकडा फक्त आपल्याच दोन लॉटांची तुलना करायला वापरा, पिकाला तेवढं पाणी मिळेल असं समजू नका.

आकडे बरे, रोपं आजारी

दोन कुंड्या, एकात नुसती माती, दुसरीत मातीत दहावा हिस्सा बायोचार, प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे. आठवड्याने मोजा. बायोचारच्या कुंडीत उगवण स्पष्ट कमी असेल तर तो लॉट शेतात नाही. उगवण सारखी पण पानं पिवळी असतील तर बहुतेक ताज्या बायोचारने नत्र अडकवून ठेवलाय, शेणखतात मिसळून महिना-दीड महिना मुरू द्या.

इथे थांबा, पुढचं लॅबचं

घरी राख मोजायला बायोचार गॅसवर जाळू नका, बंद खोलीत तर नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राखेला मफल फर्नेस (लॅबमधली बंद भट्टी) लागतो, आणि रिपोर्टात तापमान लिहून मागा, ५५० अंशावर काढलेली राख आणि ७५० वर काढलेली राख सारखी येत नाही. आम्लं आणून घरी कर्ब मोजायचे प्रयोगही नकोत.

कर्बाच्या कमी आकड्याचं कारण इथे आहे. मातीच्या लॅबमध्ये सेंद्रिय कर्ब साधारण वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतात, डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाने कर्बाचं ऑक्सिडेशन करून. बायोचारचा गुणच हा की तो सहजासहजी ऑक्सिडाइज होत नाही, मग ती पद्धत त्यातला बराच कर्ब बघतच नाही. लॅबची चूक नाही, पद्धत मातीची आहे. बायोचारला ड्राय कम्बशन म्हणजे सीएचएन ॲनालायझर मागा, आणि त्यातूनच हायड्रोजन आणि सेंद्रिय कर्बाचं मोलर गुणोत्तर काढून मागा. ते ०.७ च्या खाली पाहिजे, आंतरराष्ट्रीय मानकांत हीच मर्यादा आहे, वर असेल तर नीट जळला नाही. बीईटी (BET) पृष्ठभाग, म्हणजे छिद्रांच्या आतला धरून एकूण पृष्ठभाग, जो नायट्रोजनने उणे १९६ अंशावर मोजतात, त्यावर शेतासाठी पैसे घालवू नका असं माझं मत.

तज्ज्ञांकडे सरळ जायचे प्रसंग: जुन्या होडीचं, रंगाचं किंवा प्लायवूडचं लाकूड भट्टीत गेलं असेल, कारण होडीच्या रंगात तांब्यासारखे धातू असतात आणि ते कोळशातच राहतात. दोनदा तापवूनही डांबराचा वास जात नसेल. तीनदा धुऊनही ईसी उतरत नसेल किंवा जमीन खारी असेल. किंवा तुम्ही माल विकणार असाल, तेव्हा तुमच्या-माझ्या बादलीला काही किंमत नाही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, किर्लोस आणि रोह्याला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आधी फोन करून कुठली टेस्ट तिथे होते ते विचारा, मगच सॅम्पल घेऊन निघा.

आणि पोतं हाताला गरम लागलं किंवा धूर आला तर मोजमाप गेलं खड्ड्यात. ताजा कोरडा बायोचार हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःच तापतो. माझं एक पोतं संध्याकाळी गार वाटलं म्हणून मांगरात ठेवलं आणि रात्री अकराला धुमसत होतं, नशीब गवत दुसऱ्या बाजूला होतं. दारं उघडा, आत थांबू नका, बाहेरून पाणी मारा, आटोक्यात येत नसेल तर ११२. डोकं दुखायला लागलं किंवा गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत या, मग डॉक्टर. तेव्हापासून भट्टीतला माल मी दोन दिवस उघड्यावर पातळ पसरून ठेवतो, मगच पोत्यात.

सॅम्पल पाठवताना पाकिटावर नीट लिहा. मी पहिल्यांदा एका लॅबला नुसतं नाव-गाव लिहून पाठवलं, तर रजिस्टरला "काळी माती" अशी नोंद झाली आणि तांबड्या मातीच्या गावातल्या माणसाला कापसाच्या खताची शिफारस आली. आता पाकिटावर असतं: बायोचार, माती नाही. आंबा छाटणी. भट्टीची तारीख. विहिरीच्या पाण्याने विझवला. घट्ट बंद करतानाचं वजन इतकं. ओलावा आधी काढावा, आणि ओल्या वजनावर की सुक्या ते कृपया लिहावं.